जुन्या ‘मसल कार’चे बळ वाढवताना ब्रेक आधी

१९६४ मध्ये अमेरिकेतील पॉन्टिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ आणली. ‘मसल कार’ या प्रकाराचा आरंभ बहुधा तिच्यापासून मानला जातो. शक्ती ३२५ अश्वशक्ती, पण ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचा पर्याय १९६७ मध्ये आला. मोजक्या पैशांत अशा मोटारीची क्षमता वाढवू पाहणाऱ्याने ही विसंगती आधी दूर करावी.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ती शोषताना ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड ढिली पडते. म्हणून पहिला खर्च पुढच्या डिस्क ब्रेकवर आणि चांगल्या रेडियल टायरवर करावा. त्यानंतर रेडिएटर, सस्पेन्शनचे झिजलेले बुश आणि सीबी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांचा क्रम लागतो. मागील आसाचे गिअर गुणोत्तर वाढवल्यास इंजिन न उघडताही मोटार चपळ होते. महामार्गावर मात्र इंधन अधिक जळते.

इंजिनाची पाळी शेवटी. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट परस्परांना अनुरूप असावे लागतात. ते सुटे सुटे घेतल्यास पैसा वाया जातो. तत्पूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. झिजलेल्या इंजिनावर नवे भाग चढवण्यापेक्षा त्याची दुरुस्तीच अधिक लाभदायक ठरते.