जुना बॉयलर बदलावा की दुरुस्त करावा?

थंडी पडू लागली की घराघरांत गरम पाण्याची ओरड सुरू होते. काही घरी अजून तांब्याचा बंब पेटतो, बहुतेक घरी मात्र न्हाणीत विजेची टाकी आली आहे. कोणी तिला गीझर म्हणतो, जुनी मंडळी बॉयलर म्हणतात. दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आमचे व्यापारी बांधव या टाकीचा हिशेब मात्र क्वचितच मांडतात. तो आज मांडून पाहू.

२५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सव्वा युनिटाहून थोडी कमी वीज लागते. टाकी जुनी असो वा नवी, हा आकडा फारसा बदलत नाही, कारण एलिमेंट जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरवते. तेव्हा ‘नवा गीझर निम्म्या विजेत पाणी तापवतो’ असे दुकानदार सांगू लागला तर ते खरे मानू नये. फरक पडतो तो तापलेले पाणी टाकीत उभे राहते तेव्हा. गीझरवरचे तारे हेच सांगतात की नुसत्या उभ्या टाकीतून २४ तासांत किती उष्णता वाया जाते. ज्या घरी फजरच्या वुजूपासून दुपारपर्यंत बटण बंद होत नाही, तेथे पाच ताऱ्यांची टाकी पैसे वसूल करील. ज्या घरी अर्धा-पाऊण तास आधी बटण दाबून, पाणी काढून लगेच बंद करतात, तेथे ताऱ्यांसाठी जास्त दाम मोजण्यात अर्थ नाही.

आमच्याच घरचा गीझर मागे वारंवार बंद पडू लागला. पहिल्या मिस्त्रीने पाहताच ‘नवा घ्या’ म्हटले. दुसऱ्याने टाकी उघडली, तर तळाशी क्षाराचा थर साचला होता आणि गंज टाकीऐवजी स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडी झिजून तार उरली होती. क्षार काढला, कांडी व एलिमेंट बदलले, टाकी पुन्हा चालू लागली. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी ही कांडी दरवर्षी पाहून घ्यावी. टाकीच गळू लागली असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

आता गॅसचा प्रश्न. आमच्या हिशेबाने १४.२ किलोच्या सिलिंडरवर आंघोळीच्या सुमारे ३०० बादल्या निघतात, तेवढ्याच पाण्याला विजेची १४० ते १५० युनिटे लागतात. बिलावरचा युनिटचा दर १५० ने गुणावा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावा. दर घ्यायचा तो वरच्या टप्प्याचा, कारण महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतो आणि गीझरची युनिटे त्या चढावरच पडतात. बहुतेकांना येथे गॅस स्वस्त दिसेल.

पण गॅस गीझर बंद न्हाणीत लावू नये. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो, आणि अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा व गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. पाइपाला चार फूट जास्त लागतील, लागू द्यावेत.

गच्ची स्वतःची असेल तर सौर बंबाचा विचार जरूर करावा. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापले की रोजची जवळपास तीन युनिटे वाचतात. पावसाळ्यात मात्र जुनी सोय ठेवावीच लागते. तांब्याचा बंब काढणाऱ्यांनी तो घाईने मोडीत देऊ नये. तळाला डाग देऊन तो आणखी वर्षे चालतो, आणि विकायचाच झाला तर दोन ठिकाणी वजन करून घ्यावे.