‘फुल स्टॅक’ शिकायचंय? आधी काम समजून घ्या

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत बारावीचा निकाल लागला की पूर्वी ठरलेलेच प्रश्न निघायचे. मुलगा बोटीवर जाणार की आखातात? मुलीला पुढे शिकवायचे की नाही? आता त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. “अब्बा, मला फुल स्टॅक डेव्हलपर व्हायचंय,” असे मुलगा म्हणतो, मुलगीही म्हणते. क्लासची फी ऐकून अब्बा गप्प होतात. पैसे भरण्याआधी हे काम नेमके काय असते, ते घरातल्या सर्वांनी समजून घेतलेले बरे.

एका खोलीचे बुकिंग

आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. मुरूडमध्ये कोणाची तरी चार खोल्यांची घरगुती निवास व्यवस्था आहे आणि तिची वेबसाइट आहे, असे समजा. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईतले एक कुटुंब मोबाइलवर ती उघडते. खोल्यांचे फोटो, तारखा, ‘बुक करा’ हे बटण, असे जे जे डोळ्यांना दिसते ते सारे ‘फ्रंट एंड’. त्यासाठी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट लागते.

बटण दाबल्यावर निरोप दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. खोली रिकामी आहे का, भाडे किती, पैसे खरोखर जमा झाले का, हे तिथला प्रोग्राम तपासतो. तो ‘बॅक एंड’. आणि कोणी कोणती खोली कधी घेतली याची कायमची नोंदवही म्हणजे ‘डेटाबेस’.

हे तिन्ही थर ज्याला जमतात आणि तयार झालेली साइट इंटरनेटवर चढवून चालू ठेवता येते, तो फुल स्टॅक डेव्हलपर. ‘स्टॅक’ म्हणजे एकावर एक रचलेली चळत.

पूर्वी पुढच्या आणि मागच्या कामासाठी बहुधा वेगवेगळ्या भाषा शिकाव्या लागत. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट तयार केली. 2009 साली रायन डाल यांच्या ‘नोड जेएस’मुळे तीच भाषा सर्व्हरवर चालवणे सोपे झाले. एका भाषेत दोन्हीकडची कामे होऊ लागली आणि एकट्या माणसाला हा सारा पसारा सांभाळणे जमू लागले.

मालकाला असा माणूस का हवा असतो?

शेवटची एकच खोली उरली आहे आणि दोन कुटुंबांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर? दोघांच्याही मोबाइलवर खोली रिकामीच दिसत असते. केवळ पडद्यावर विसंबून राहिले तर एकच खोली दोघांना दिली जाईल आणि शनिवारी दारात भांडण होईल. ही अडचण डेटाबेसमध्येच रोखावी लागते. एक नोंद पूर्ण झाल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही, अशी व्यवस्था तिथे करावी लागते.

दुसरा प्रसंग पाहा. कुवेतमधला भाऊ रात्री दहा वाजता गावाकडच्या घरच्यांसाठी ‘आज’ची खोली पाहतो. त्या वेळी आपल्याकडे साडेबारा वाजून तारीख बदललेली असते. मग ‘आज’ कोणती धरायची? चूक दिसते मोबाइलवर, पण मूळ सर्व्हरमध्ये असू शकते किंवा नोंदवहीतही.

तीन थरांसाठी तीन माणसे असली तर “माझ्याकडे सगळं बरोबर आहे” असे तिघेही म्हणू शकतात. फुल स्टॅक माणूस चुकीचा माग शेवटपर्यंत काढतो. लहान कंपन्यांना आणि नव्या उद्योगांना अशी माणसे हवी असतात, याचे कारण हेच. मोठ्या कंपन्या मात्र सुरक्षा, डेटाबेस अशा एकेका विषयाचे जाणकारही ठेवतात. सर्व काही येणारा माणूस प्रत्येक गोष्टीत तरबेज नसतो, हेही लक्षात ठेवावे.

आता एआयची साधने कोड लिहून देतात. त्यामुळे नुसते कोड टाइप करणाऱ्याची किंमत कमी होत आहे. लिहिलेले बरोबर आहे का, हे पारखणाऱ्याची गरज मात्र राहते.

अमानत आणि वादळ

पाहुण्यांचे फोन नंबर, ओळखपत्रांच्या प्रती ही परक्याची अमानत असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारीही घातली आहे. 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ वादळ आपण विसरलेलो नाही. छपरे उडाली, खांब पडले, कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. नोंदी फक्त काउंटरवरच्या संगणकात असतील, तर त्याही पाण्यात जातात. त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हाही या कामाचाच भाग आहे.

फी भरण्याआधी

“शंभर टक्के नोकरी” असे सांगणाऱ्या क्लासला तीन प्रश्न विचारा. मागच्या तुकडीतल्या मुलांशी बोलता येईल का? डेटाबेस प्रत्यक्ष शिकवता का? शेवटी मुलाच्या हातात चालू साइट असेल का? उत्तरे गोलमोल मिळाली, तर घाई करू नका. कर्ज काढून तर मुळीच नको.

सुरुवात फुकटात होते. ‘फ्रीकोडकॅम्प’चे धडे आणि केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवरचे अभ्यासक्रम घरबसल्या पाहता येतात. पदवी हवी असेल, तर आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अनेक कंपन्या आजही पदवी विचारतात, म्हणून कॉलेज सोडून हा नाद नको.

हे काम घरातूनही करता येते. मुलीला मुंबईत खोली घेऊन राहणे शक्य नसेल, तर तिच्यासाठी ही वाट मोलाची आहे. मात्र पहिली नोकरी सहज मिळत नाही. धीर लागतो आणि भरवशाचे नेटही लागते.

तेव्हा आधी तीन महिने मुलाला किंवा मुलीला एकच काम द्या. मामूंच्या दुकानाची उधारीची वही असो की मोहल्ल्यातल्या वाचनालयाची यादी, ती मोबाइलवर चालेल अशी करून दाखवायची. चुका होतील. त्या शोधताना पोर रात्री उशिरापर्यंत आनंदाने बसली, तर समजा तिला हे काम भावले. फीचा विचार त्यानंतर करा.