एका प्रोसेसरला दोन ड्रायव्हर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुळशी म्हटलं की धरण, पाऊस आणि भातखाचरं आठवतात. पण हिंजवडी आणि माण ही गावंही मुळशी तालुक्यातलीच. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये हजारो माणसं रोज लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळतात, आणि त्यांतल्या अनेकांची प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या ड्रायव्हरशी कधी ना कधी गाठ पडते. कर्नलच्या नोंदीत 'ड्रायव्हर आधीच अस्तित्वात आहे' अशी ओळ दिसली की घाबरून भलतेच उपाय सुरू होतात.

हा विषय किरकोळ नाही. प्रोसेसर काम करताना खातो ती वीज ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर हा वापर साधारण २७ टक्क्यांनी घटतो. म्हणून हे काम करणाऱ्या ड्रायव्हरबद्दलचे समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज १ : दोन ड्रायव्हर एकाच वेळी चढतात आणि प्रोसेसरला उलटसुलट हुकूम देतात.

वस्तुस्थिती : लिनक्सच्या सीपीयूफ्रेक या उपयंत्रणेत ड्रायव्हरसाठी एकच खुर्ची आहे. ड्रायव्हर नोंदणीला आला की कर्नल आधी पाहतो, खुर्ची रिकामी आहे का. नसेल तर दुसऱ्याला तिथूनच परत पाठवतो. ही तपासणी कुलूप लावून होते, त्यामुळे दोघे एकाच क्षणी आले तरी एकच आत जातो. एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा जुना, सर्वसाधारण ड्रायव्हर तर सुरुवातीलाच पाहतो की दुसरा कुणी बसला आहे का, आणि असेल तर स्वतःच मागे फिरतो. इंटेलच्या प्रोसेसरसाठीचा नवा ड्रायव्हर, इंटेल-पीस्टेट, आधीच कामावर असलेल्या मशीनवर असा नकार दिसणं हे संरक्षण नीट चालल्याचं लक्षण आहे.

गैरसमज २ : दुसरा ड्रायव्हर परत गेला, म्हणजे काहीच नुकसान झालं नाही.

वस्तुस्थिती : लॅपटॉपवर हे खरं आहे. शेकडो कोअर आणि जुनं कर्नल असलेल्या सर्व्हरवर नाही. पूर्वी प्रत्येक कोअर सापडला की यूडेव्ह ही सेवा एसीपीआय-सीपीयूफ्रेक चढवण्याची वेगळी विनंती करायची. प्रत्येक विनंतीत या ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला नंतर जोडायचा तुकडा, मेमरीत आणायचं, तपासायचं, नकार मिळाला की टाकून द्यायचं. शेकडो विनंत्या एकदम आल्या की बूट रेंगाळायचं. २०२३ मध्ये यावर दोन इलाज झाले. कोअरगणिक विनंती करण्याऐवजी कर्नल आता या ड्रायव्हरसाठी एकच प्लॅटफॉर्म उपकरण पुढे करतो. आणि एकाच मॉड्यूलच्या समांतर विनंत्या आल्या, तर एकच प्रत्यक्ष चालते आणि बाकीच्या तिचा निकाल घेतात. मोठ्या सर्व्हरवर जुनं कर्नल असेल आणि बूटला वेळ लागत असेल, तर कर्नल अद्ययावत करणं हाच सरळ मार्ग.

गैरसमज ३ : ब्लॅकलिस्टमध्ये नाव टाकलं की ड्रायव्हर कायमचा बंद.

वस्तुस्थिती : ब्लॅकलिस्ट फक्त हार्डवेअर ओळखून आपोआप होणारं लोडिंग थांबवते. कुणी नाव घेऊन मॉड्यूल मागितलं तर ते चढतंच. शिवाय जो ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला आहे, त्याला ही यादी लागू होत नाही. इंटेल-पीस्टेट असाच अंगभूत आहे. तो बंद करायचा किंवा त्याची पद्धत बदलायची असेल, तर बूटच्या वेळी कर्नलला पॅरामीटर द्यावा लागतो. आणि मॉड्यूल सुरुवातीच्या रॅम-प्रतिमेत असेल, तर यादी बदलल्यावर ती प्रतिमा पुन्हा बनवावी लागते.

गैरसमज ४ : 'पॉवरसेव्ह' दिसतं, म्हणजे मशीन सर्वांत कमी वेगावर अडकलं, 'ऑनडिमांड' दिसत नाही, म्हणजे चुकीचा ड्रायव्हर चढला.

वस्तुस्थिती : ड्रायव्हर आणि गव्हर्नर ही वेगळी कामं आहेत. वेग किती हवा हे गव्हर्नर ठरवतो ('ऑनडिमांड' हा असाच एक गव्हर्नर), तो हार्डवेअरपर्यंत पोचवतो ड्रायव्हर. इंटेल-पीस्टेट सक्रिय पद्धतीत मात्र निर्णयही स्वतःच घेतो आणि 'परफॉर्मन्स' व 'पॉवरसेव्ह' हे दोनच पर्याय दाखवतो. तिथला 'पॉवरसेव्ह' कामाचा ताण पाहून वेग वाढवतोही. स्कायलेक पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये वेग ठरवण्याचं बरंचसं काम हार्डवेअरच करतं. ड्रायव्हर फक्त मर्यादा आणि कल सांगतो.

गैरसमज ५ : नवा ड्रायव्हर कोणत्याही मशीनवर जबरदस्तीने बसवता येतो.

वस्तुस्थिती : इंटेल-पीस्टेट २०१३ मध्ये लिनक्स ३.९ सोबत आला, तो सँडी ब्रिज आणि त्यापुढच्या प्रोसेसरसाठी. एएमडी-पीस्टेट २०२२ मध्ये ५.१७ सोबत आला आणि त्याला फर्मवेअरकडून सीपीपीसी ही सोय लागते. ती बायोसमध्ये बंद असेल, तर पॅरामीटर कितीही बदलले तरी हा ड्रायव्हर उभा राहणार नाही. अशा वेळी आधी बायोस पाहावं. आभासी मशीनमध्ये तर बहुधा असा ड्रायव्हरच नसतो, कारण खऱ्या प्रोसेसरचा वेग यजमान मशीनच्या हाती असतो. तिथे तो न दिसणं हा बिघाड नाही.

गैरसमज ६ : वेग विचित्र वरखाली होतोय, म्हणजे कर्नलमधले ड्रायव्हर भांडताहेत.

वस्तुस्थिती : कर्नलने आपली खुर्ची राखलेली असते. भांडण बहुतेकदा बाहेर लागतं. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज सांभाळणारी दोन साधनं एकाच मशीनवर चालू ठेवली, तर दोन्ही त्याच सेटिंगमध्ये आपापली किंमत लिहितात आणि शेवटी लिहील त्याचं टिकतं. त्यात कुणीतरी स्वतःची बूट-स्क्रिप्ट जोडलेली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. असं साधन एकच ठेवा.

म्हणून हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यांना आणि पौडपासून पिरंगुटपर्यंत लिनक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे : काहीही बदलण्याआधी सिसएफएसमध्ये (/sys) पहिल्या कोअरच्या सीपीयूफ्रेक फोल्डरमधली 'स्केलिंग-ड्रायव्हर' ही फाइल वाचा. खुर्चीवर कोण बसलं आहे ते तिथे एका शब्दात लिहिलेलं असतं. मग कर्नलच्या नोंदी पाहा, मग वीज सांभाळणारी साधनं मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. इंटरनेटवरून उचललेला पॅरामीटर सर्वांत शेवटी.