अर्ध्या दिवसाची नोकरी, पाच मिनिटांची मुलाखत



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल लिहितो. या खेपेस थोडी वाट सोडून लिहीत आहोत. त्याला कारणही उसाच्या प्लॉटातच घडले.

गणपतीच्या आधीची गोष्ट. आडसाली लागणीच्या पाहणीला आम्ही गटात फिरत होतो. एका सभासदांच्या एकरभर प्लॉटात नांग्या बऱ्याच दिसल्या. लागण होऊन महिना होत आला तरी त्या भरलेल्या नव्हत्या. रोपांचे ट्रे बांधावर तसेच पडून, पाने पिवळी पडू लागलेली. हे गृहस्थ कामसू, आमचे सांगणे कानाआड करणारे नव्हेत. आम्ही विचारले, "अण्णा, हे काय? शेजारचा ऊस वर गेल्यावर या रोपांना ऊन मिळायचं कधी?"

अण्णा खाली बसले. म्हणाले, "साहेब, हे काम पोरगं करणार हुतं. चार दिस झालं घराबाहेर पडंना. मुलाखतीला गेलं हुतं, तवापास्नं."

मुलगा बी.कॉम. झालेला. घरची जमीन दोन एकर, दोन म्हशी. पूर्ण वेळ नोकरी धरली तर शेत पडते, आणि नुसत्या शेतावर बहिणीचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही भागत नाही. म्हणून त्याने तालुक्याच्या गावी एका व्यापारी पेढीत दुपारी दोन ते सहा हिशेब लिहिण्याच्या कामासाठी अर्ज केला होता. जागा एक आणि बाहेरच्या बाकावर तीसेक जण. तीन तास बसल्यावर आत बोलावणे आले आणि पाच मिनिटांत बाहेर. शेवटचे वाक्य नेहमीचेच, "बरं, कळवू तुम्हाला."

आम्ही घरी गेलो. पोरगे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्याच्या आईने चहा ठेवला. आम्ही त्याला नोकरीबद्दल काही विचारले नाही. फक्त म्हणालो, "बाळा, आमच्यासोबत प्लॉटात चल. नांग्या का पडल्या ते बघायचंय." नाखुशीने का होईना, आला.

तुम्हांस ठाऊकच आहे, टिपरी उगवली नाही म्हणजे बेणेच वाईट असे धरून चालत नाही. उकरून बघावे लागते. डोळा मेला आहे का, कांडी आतून लाल पडून कुजली आहे का, वाळवी लागली आहे का, की टिपरी चांगली असून वर माती जास्त पडली एवढेच झाले आहे. आम्ही चार ठिकाणी उकरले. दोन ठिकाणी डोळा जिवंत होता, वर वीतभर मातीचा थर. पोराने स्वतःच माती बाजूला केली आणि मग आपणहून बोलू लागला. आम्ही त्याला म्हणालो, "आता ती मुलाखतही अशीच उकरू. काय विचारलं, तू काय बोललास, जसंच्या तसं सांग."

पहिला प्रश्न जमाखर्चाचा होता, तो आला. दुसरा जीएसटीच्या हिशेबाचा, तो अर्धा आला. तिसरा प्रश्न होता, "रोज दोनला हजर राहशील ना?" यावर हा म्हणाला, "राहीन, पण आमच्या फीडरवर थ्री फेजची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. दिवसा असेल त्या आठवड्यात थोडं मागंपुढं होईल." मालकाने हातातला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मग तुझी नोकरी महावितरणकडं की माझ्याकडं?" खोलीतली दोन-तीन माणसे हसली. पोराला अपमान वाटला तो या हसण्याचा. नोकरी गेल्याचे दुःख त्याच्या मागून आले.

पोरगे खोटे बोलले नाही, याबद्दल आम्ही त्याची पाठ थोपटली. पण मालकही चुकला असे आम्हांस वाटत नाही, हसायला नको होते हे खरे. अर्धवेळ माणूस घेणाऱ्याच्या मनात एकच भीती असते, की हा माणूस आपल्या कामाला जोडधंदा समजेल. चार तासांचे काम असले तरी ते चार तास ठरलेले हवेत. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या पोराने मुलाखतीच्या खोलीत द्यायचे नव्हतेच, ते आदल्या रात्री घरात, जेवताना ठरायला हवे होते. दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात मोटर कोण चालू करणार, दारे कोण धरणार, संध्याकाळची धार कोण काढणार? आम्ही अण्णांना तोंडावर विचारले, "तुम्ही त्याला सांगितलं होतं का, की दुपारचं पाणी मी बघतो?" अण्णा गप्प राहिले. नंतर म्हणाले, "इचारलंच न्हाई त्यानं." पोरगे म्हणाले, "इचारलं असतं तर तुम्ही ओरडला असता." दोघांचेही खरे असावे.

आता थोडे आमच्याबद्दल. पाहुण्याच्या घरचे खरकटे काढताना आपलेही सांगितलेले बरे.

सन 2000 मध्ये कृषी पदविका घेऊन आम्ही घरी आलो. घरची शेती दीड एकर. तालुक्यात खत-औषधांच्या एका दुकानात सकाळच्या वेळेपुरता माणूस हवा होता. आम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मालकाने विचारले, "युरियात नत्र किती?" आम्ही सांगितले, शेकडा 46. मालक म्हणाला, "ठीक. आता एक शेतकरी आला, चार पोती मागतोय आणि पैसे ऊसबिलावर देतो म्हणतोय. काय सांगशील?" आम्ही शेतकऱ्याची अडचण, सहकार, माणुसकी यांवर एक लहानसे भाषणच केले. दुकानात सहा-सात गिऱ्हाइके उभी होती. मालक त्यांच्याकडे बघून म्हणाला, "याला ठेवला तर तुमची चंगळ, पण महिन्यात माझ्या दुकानाला कुलूप." सगळे हसले. आम्हीही हसल्यासारखे केले आणि बाहेर पडलो.

एस.टी.साठी थांबलो नाही. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून सात किलोमीटर चालत आलो. घरी सांगितले की मुलाखत पुढे ढकलली आहे. हे खोटे आठ दिवस सांभाळावे लागले. रोज आई विचारी, "आलं का बोलावणं?" आणि रोज आम्ही नवीन काहीतरी रचीत असू. नवव्या दिवशी त्याच दुकानात खत आणायला गेलेल्या शेजाऱ्याने सगळे सांगितले. आई काही बोलली नाही. जेवताना वाढताना नुसते म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी काय हसले असते का?" नोकरी न मिळाल्याचे आम्ही पंधरा दिवसांत विसरलो, हे मात्र अजून विसरता आलेले नाही. म्हणून तरुणांना आमचे एक कळकळीचे सांगणे आहे. पारावर सांगू नका, मित्रांना सांगू नका वाटल्यास, पण घरात एका माणसाला त्याच दिवशी खरे सांगा. आणि वडीलधाऱ्यांनी "आम्ही आधीच म्हणत होतो" हे वाक्य निदान त्या रात्री तरी गिळावे.

दुसरी एक कबुली द्यावयाची आहे, ती अधिक अवघड. आता आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसतो. काही हंगामांपूर्वी चिटबॉयच्या तात्पुरत्या जागांसाठी आम्ही मुले पाहिली. एक मुलगा फार अडखळत बोलत होता. गाळपाच्या दिवसांत मुकादम, वाहनवाले आणि सभासद तिन्हीकडून ओरडा असतो, हा कसा टिकणार, असे वाटून आम्ही त्याला "कळवू" म्हटले आणि कळवले नाही. पुढच्या हंगामात तो एका मुकादमाच्या तळावर दिसला. टोळ्यांची उचल, टनेज, खेपा सगळे एका लांबट वहीत इतके स्वच्छ मांडले होते, की आमच्या गट ऑफिसचे रजिस्टर शरमावे. आम्ही ओळख दिली. तो म्हणाला, "साहेब, मी दोन महिने दुसरं काम धरलं नाही. तुम्ही कळवू म्हणाला होता."

बंधूंनो, हा "कळवू" शब्द फार वाईट आहे. बोलणाऱ्याला तो दार हळूच लावण्यासाठी हवा असतो, आणि ऐकणाऱ्याला ते दार उघडे वाटत राहते. तेव्हापासून आमच्या हाताखालच्या जागांपुरता आम्ही नेम केला आहे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, आणि आठ दिवसांच्या आत. आपल्यापैकी कित्येक जण दूध संस्था, पतसंस्था, सोसायट्या यांच्या मंडळांवर आहेत. हे त्यांच्याही कानावर घालतो. आणि ज्याला "कळवू" सांगितले आहे त्याने आठ दिवस थांबून स्वतःच फोन करावा, शक्य तर जाऊन भेटावे. "निवड झाली नसेल तर हरकत नाही, माझं कुठं कमी पडलं तेवढं सांगा," एवढे विचारायला लाज कसली? दहांत सात जण टोलवतील. उरलेले तिघे जे सांगतील ते कुठल्या क्लासात शिकवीत नाहीत.

अर्धवेळ काम म्हणजे अर्धी इज्जत, असा एक समज आपल्याकडे आहे. तो कुठून आला कळत नाही, कारण आपला मुलूख कर्मवीर भाऊराव पाटलांचा. त्यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, आणि 'कमवा व शिका' हे गोरगरिबांच्या पोरांना हाताने काम करूनच शिकविले. अर्धा दिवस कुदळ आणि अर्धा दिवस पुस्तक, यात त्या पोरांना कमीपणा वाटला नाही. मग अर्धा दिवस ऊस आणि अर्धा दिवस खतावणी यात कसला कमीपणा? पण लग्न जमवताना "मुलगा पार्ट टाइम आहे" म्हटले की सोयरे खुर्ची मागे सरकवतात, हेही आम्ही पाहिले आहे. असो.

ज्यांना मुलाखतीचीच धास्ती बसली आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्याकडील खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखत बंद केली आहे. शेतकरी घरातल्या मुलामुलींना विशेष सोयीचे काम म्हणजे टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवक. काम दिवसाला चार ते पाच तासांचे. निवड दहावीच्या गुणांवर, मुलाखत नाही. वयाची अट 18 ते 40, राखीव गटांना सवलत. सायकल चालवता यावी लागते आणि दहावीला इथली भाषा शिकलेली असावी लागते. शिवाय उपजीविकेचे दुसरे साधन असावे, अशी त्यांचीच अट आहे. म्हणजे जी शेती त्या पेढीत आडवी आली, ती येथे उपयोगी पडते! अर्ज ऑनलाइन असतो. यात "साहेबांशी ओळख आहे, इतके द्या" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला सरळ वाटेला लावावे. गुणांच्या यादीत ओळख घालता येत नाही.

त्या पोराची दहावीची टक्केवारी आम्ही विचारली. चांगली आहे. पुढची जाहिरात निघाली की अर्ज भरायचे ठरले. पण जाहिरात केव्हा निघेल त्याची वाट पाहत बसणे म्हणजे पुन्हा "कळवू"च झाले. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या पडवीत बसून आम्ही तिघांनी एका कागदावर आठवड्याचे वेळापत्रक मांडले. दिवसाची लाइट असेल त्या आठवड्यात दुपारचे पाणी अण्णांकडे, रात्रीच्या आठवड्यात पोराकडे. संध्याकाळची धार त्याच्या आईने मागून घेतली. अण्णा दोनदा कुरकुरले, गुडघे दुखतात म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "लिव तिथं माझं नाव."

चार दिवसांनी पोरगे त्या पेढीत पुन्हा गेले. एकटेच. कागद खिशात होता. मालक म्हणाला, जागा भरली. जीएसटीचे काम नीट शिकून ये, एवढे मात्र सांगितले. पोराने बाहेर येऊन आम्हांला फोन केला. आवाज पडलेला होता, पण फोन केला हे खरे. तालुक्यात एका कर सल्लागाराकडे कागदपत्रे लावण्याच्या कामाला दुपारपुरता माणूस हवा आहे, अशी बातमी त्याने त्याच बाकावर ऐकली होती. येत्या मंगळवारी तिथे बोलावले आहे.

प्लॉटातल्या नांग्या परवा भरून झाल्या. ट्रेमधली निम्मी रोपे वाया गेली होती, तेवढी आपल्या रोपवाटिकेतून द्यावी लागली. मंगळवारी त्या फीडरवर दिवसाची पाळी आहे. मोटरीवर अण्णा असणार आहेत.