दोन मिनिटांचे अंतर

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाशी वसलेल्या वेस्टर्न केप प्रांतात, उन्हाळा सरत आलेला आणि द्राक्षमळ्यांतील तोडणी उरकत आलेली असते अशा मार्च महिन्यात, सहाशेहून अधिक जोड्या डोंगरी सायकलींवर स्वार होऊन आठ दिवसांच्या एका खडतर मोहिमेस निघतात. ‘केप एपिक’ या नावाने सर्व जगातील सायकलपटूंना परिचित असलेल्या या शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. परंतु एकूण अंतर बहुधा सहाशे ते सातशे किलोमीटरांच्या दरम्यान असते आणि चढाईची बेरीज १५,००० मीटरांच्या आसपास जाते, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंतची उंची जवळजवळ पावणेदोन वेळा चढावी लागते. हे आकडे ऐकून मन दिपते यात शंका नाही. तथापि या शर्यतीचे खरे स्वरूप जर कोठे प्रकट होत असेल तर ते तिच्या नियमावलीतील एका साध्या कलमात: जोडीतील दोघांनी परस्परांपासून दोन मिनिटांहून अधिक दूर जाता कामा नये. वाटेवरील वेळनोंदणीच्या नाक्यांवर हे अंतर तपासले जाते आणि मर्यादेचा भंग झाल्यास त्या जोडीच्या एकूण वेळेत दंडादाखल एक तास जमा होतो. दिवसाच्या अखेरीस वेळ नोंदली जाते तीही पहिल्याच्या आगमनाची नव्हे, तर मागून येणाऱ्या दुसऱ्याची.

शर्यतीचा जन्म २००४ सालचा. तिचा संस्थापक केव्हिन व्हर्माक हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचाच. कोस्टा रिका देशातील ‘ला रूटा दे लोस कोंकिस्तादोरेस’ या बहुदिवसीय डोंगरी शर्यतीत तो स्वतः उतरला होता, आणि तेथील अनुभवातून आपल्या मायभूमीतही असे काही उभे करावे ही कल्पना त्याच्या मनात मूळ धरून बसली. जोडीने धावण्याची प्रथा मात्र त्याच्याही पूर्वीची आहे. १९९८ साली सुरू झालेल्या आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या ‘ट्रान्सआल्प’ शर्यतीत ती रुळली होती. वस्तीपासून दूर असलेल्या कड्याकपारींत एखादा स्वार कोसळला, तर त्याच्याजवळ निदान एक तरी मनुष्य असावा, ही या प्रथेमागची अगदी व्यावहारिक निकड होय. पहिली केप एपिक समुद्रकाठच्या नायस्ना गावाहून निघून स्टेलेनबॉशजवळच्या स्पीअर येथील द्राक्षमळ्यांत संपली, आणि नामिबियाचा मॅनी हेमन्स व जर्मनीचा कार्ल प्लाट ही पहिली विजयी जोडी ठरली. प्लाटने पुढे आणखी चार वेळा ही शर्यत जिंकली. तेव्हापासून २०२० चा अपवाद वगळता, त्या वर्षी साथीमुळे ती रद्द करावी लागली, ही शर्यत अखंड चालू आहे.

जोडीने करावयाच्या शर्यतींत दोन अगदी भिन्न प्रकार आहेत, आणि मराठी वाचकाला त्यांतील एकाचा परिचय आपल्या नाशिककर महाजन बंधूंमुळे झालेला आहे. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधुद्वयाने २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत नऊ दिवसांच्या आत तोडले आणि ती पुरी करणारी पहिली भारतीय जोडी होण्याचा मान मिळविला. त्यांच्या पराक्रमाचे मोल कोणत्याही मोजमापाने थोडे ठरणार नाही. परंतु तेथे जोडीचा अर्थ पाळी असा आहे: एक सायकलवर असतो तेव्हा दुसरा मोटारीत अंग टाकतो, खातो, डोळा मिटतो, आणि आपली पाळी येताच उतरतो. श्रमांची तेथे वाटणी होते. केप एपिकमध्ये वाटणीला जागाच नाही. दोघांनाही प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक चढ, प्रत्येक खडकाळ उतार स्वतःच्या पायांनी पार करावयाचा असतो, आणि तोही एकत्र. एकाने घाम गाळला म्हणून दुसऱ्याचा घाम वाचत नाही. मग जोडीचा लाभ तो काय, असा प्रश्न कोणासही पडेल. आणि माझ्या मते या शर्यतीची सगळी विद्या त्या प्रश्नाच्या उत्तरात साठविलेली आहे.

जोडीची गती ही नेहमीच दोघांतील त्या घटकेस मंद असलेल्याची गती असते, ही गोष्ट प्रथम मनोमन मान्य करावी लागते. यात दोघांतील एक कायमचा सबळ व दुसरा कायमचा दुर्बल असे मात्र नसते. आठ दिवसांत पारडे अनेकदा फिरते: पहिल्या तीन दिवसांत पुढे पुढे धावणारा चौथ्या दिवशी पोट बिघडून हवालदिल होतो, आणि त्याच दिवशी मागचा सुधारतो. सबळाने आपले आधिक्य दुर्बलाच्या उपयोगी कसे लावावे, एवढाच खरा प्रश्न उरतो. आपल्याकडील शेतकऱ्याला याचे मर्म पुरातन काळापासून अवगत आहे. जोडीतील एक बैल थकलेला वा लहान असला, तर तो जू असे बांधतो की दुबळ्याच्या बाजूचा दांडा किंचित लांब राहावा, म्हणजे तरफेच्या न्यायाने त्याच्या मानेवरचा भार हलका होतो आणि उरलेला भार ताकदवान सोबत्याकडे आपसूक सरकतो.

सायकलींच्या जोडीत हा लांब दांडा निरनिराळ्या रूपांनी निर्माण करावा लागतो. सपाटीवर, विशेषतः ज्याला तेथील लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात तो आग्नेयेचा वारा अंगावर येत असता, सबळाने पुढे राहून वारा फोडावा आणि दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालावे. मागच्याचे श्रम त्यामुळे बरेच वाचतात. चढावर हा हिशेब उलटतो. तेथे वेग इतका उतरलेला असतो की वाऱ्याच्या आडोशाचा लाभ नाममात्र राहतो, आणि सबळ पुढे राहिला तर नकळत त्याची चाल वाढते, मागचा तिच्याशी बरोबरी करण्याच्या धडपडीत आपल्या शक्तीचे कोठार अर्ध्या तासात रिते करून बसतो. म्हणून चढावर दुर्बलाने पुढे राहून गती ठरवावी, व सबळाने मागून संयमाने यावे, किंवा क्वचित त्याच्या पाठीवर तळहात टेकून त्यास रेटावे. दगडगोट्यांनी भरलेल्या अरुंद उतारावर पुन्हा निराळा क्रम लागतो: ज्याचा हात ब्रेकवर अधिक सराईत असेल त्याने पुढे व्हावे, म्हणजे मागच्याला त्याच्या चाकाची रेषा पाहून आपली वाट धरता येते. एका दिवसात हा क्रम पंचवीस-तीस वेळा बदलला तरी शब्दाची गरज पडू नये, इतका सराव झालेली जोडी मुरलेली समजावी.

सरंजामाच्या बाबतीतही हेच धोरण चालते. दोघांच्या सायकलींची चाके, टायर, साखळ्या व गिअर शक्य तितके एकाच जातीचे निवडले, तर एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या कामी येतो. अवजारे, हवेचा पंप, साखळीची जोडकडी, टायरमधील भोक बुजविण्याच्या वाती यांचे ओझे दोघांत विभागता येते. केपच्या रानातील काटे कुप्रसिद्ध आहेत, म्हणून टायरमध्ये ट्यूब न घालता एक चिकट द्रव भरून ठेवण्याचा शिरस्ता पडला आहे; काटा निघताच तो द्रव छिद्रात जाऊन घट्ट बसतो. मोठी चीर गेली तर मात्र उतरावेच लागते, आणि त्या वेळी एकाने चाक हाती घेतले असता दुसऱ्याने वाती व पंप तयार ठेवावा, रागाचा शब्द काढू नये.

अन्नाचा विषय याहून नाजूक आहे. स्नायू व यकृत यांत मिळून शर्करेचा साठा साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम असतो, आणि कठोर श्रमात तो दोनेक तासांत ओसरू लागतो. दिवसाची मजल पाच, सात, मागच्या फळीतील स्वारांना तर नऊ-दहा तासांची. तेव्हा दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहिली नाहीत, तर शरीर एकाएकी बसकण मारते. विलक्षण गोष्ट अशी की ज्याला अन्नाची सर्वाधिक गरज आहे त्याचीच भूक मेलेली असते, आणि आपण खाल्ले की नाही याची शुद्धही त्याला राहत नाही. ही शुद्ध सोबत्याने राखावयाची. जोडीदाराच्या बाटलीतील पाण्याची पातळी, त्याच्या बोलण्यातील तुटकपणा, वळणावर होणारी त्याची छोटीशी चूक या गोष्टी वाचता येणे हे पायांतील बळाइतकेच मोलाचे आहे. संध्याकाळी मुक्कामावर पोहोचले की प्रत्येकाला एक लहानसा तंबू मिळतो, शेकडो तंबूंच्या रांगा मैदानावर मांडलेल्या असतात, आणि पहाटे पुन्हा निघावयाचे असते. शिणलेल्या मनुष्याच्या तोंडून कटू शब्द निघण्याची वेळ हीच.

मार्गावर गांटाऊ खिंड म्हणून एक जागा काही वर्षी लागते. रस्ते होण्यापूर्वी बैलगाड्या याच खिंडीतून डोंगर ओलांडीत असत, आणि त्यांच्या चाकांनी खडकात पाडलेल्या चाकोऱ्या अद्याप स्पष्ट दिसतात. त्या ऐतिहासिक ठेव्याला धक्का पोहोचू नये म्हणून स्वारांना तेथे उतरून सायकल हाती धरून चालावे लागते. जगज्जेत्यालाही तेथे सायकलवर बसून जाण्याची मुभा नाही, हे मला फार आवडते.

जोडीच्या नात्याची खरी खोली दाखविणारा दाखला द्यावयाचा तर क्रिस्टोफ साउझर व बरी स्टँडर यांचाच द्यावा लागेल. साउझर हा स्वित्झर्लंडचा, सिडनी ऑलिम्पिकमधील कांस्यपदकाचा मानकरी व २००८ चा जगज्जेता. स्टँडर हा त्याच्याहून पुष्कळ लहान, दक्षिण आफ्रिकेचा उगवता तारा. २०११ साली दोघांनी मिळून केप एपिक जिंकली, आणि स्वदेशाच्या या शर्यतीत विजयी होणारा स्टँडर हा पहिला दक्षिण आफ्रिकी ठरला. २०१२ साली त्यांनी पुन्हा विजय मिळविला; त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये स्टँडर पाचवा आला. ३ जानेवारी २०१३ रोजी सराव करीत असता एका टॅक्सीची धडक बसून तो मृत्यू पावला. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. साउझर त्या वर्षीच्या मार्चमध्ये मैदानात उतरला तो लंडनच्या सुवर्णपदकाचा विजेता, चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी यास सोबत घेऊन, आणि आपल्या संघाच्या नावात दिवंगत मित्राचे नाव गुंफून. ती शर्यत त्यांनी जिंकली.

स्त्रियांच्या गटातील डेन्मार्कची अनिका लँगव्हाड हिची कारकीर्द तर जोडीच्या विद्येचा पाठच आहे. २०१४ ते २०१९ या काळात तिने पाच वेळा विजय मिळविला आणि त्यासाठी तीन निरनिराळ्या सोबतिणी निवडल्या. २०१८ साली अमेरिकेची तरुण केट कोर्टनी तिच्याबरोबर होती. दोघी जिंकल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लेंझरहाइडे येथील जागतिक स्पर्धेत याच दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या ठाकल्या, कोर्टनी पहिली आली व लँगव्हाड दुसरी. पुढल्या वर्षी तिने नेदरलँड्सची अॅना फान डर ब्रेग्गेन हिला सोबत घेतले. ती रस्त्यावरील सायकलींची ऑलिम्पिक विजेती व जगज्जेती. सपाटीवर व चढावर तिचे सामर्थ्य अफाट, पण दगडधोंड्यांतील वाट काढणे हा तिचा मूळचा व्यवसाय नव्हे. उणे व अधिक यांचा मेळ असा बसला की त्या वर्षीचे विजेतेपदही त्यांनाच मिळाले.

जोडीदार जायबंदी होऊन बाहेर पडला तर? उरलेल्याला पुढे जाण्याची परवानगी मिळते, परंतु जोडीच्या निकालपत्रकात त्याचे नाव राहत नाही. कित्येकांना हा नियम निष्ठुर वाटतो. मला तो न्याय्य वाटतो. कारण ज्या शर्यतीत वेळ दुसऱ्याच्या आगमनाने मोजली जाते, तेथे एकट्याच्या आगमनाला जोडीचा निकाल म्हणणे हे त्या शर्यतीच्या पायालाच सुरुंग लावण्यासारखे होईल.

आपल्या सह्याद्रीत अशा शर्यतीला योग्य भूमीची वाण नाही. मावळातील बैलगाडीच्या वाटा, घाटमाथ्यावरील कातळपठारे, पावसाळा सरल्यावर कार्तिकातील कोवळे ऊन, हे सर्व सिद्धच आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील सायकल मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी स्थानिक ग्रामस्थांची व वनखात्याची रीतसर संमती घेऊन, फार नव्हे, एक वा दोन दिवसांची जोडशर्यत योजावी, आणि तिच्या नियमावलीत दोन मिनिटांचे ते कलम पहिल्याच पानावर घालावे.