नकाशावरचं जुनं स्टेशन

दोस्तांनो, आजी-आजोबांना एकदा विचारा, डिसेंबर 1971 मध्ये मुंबईतल्या रात्री कशा असत? गिरगावच्या चाळींत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. लालबाग-परळला गिरणीचा भोंगा तर रोजच्या ओळखीचा. पण त्या दिवसांतला भोंगा निराळा. तो वाजला, की पटापट दिवे बंद! पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं ना!

त्याच दिवसांत एक मराठी तरुण सुखोई-7 हे बॉम्बफेक करणारं विमान घेऊन शत्रूच्या मुलखावर झेपावत होता. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, वय 29. या विमानात वैमानिक एकटाच. उडवायचं त्यानं, वाट शोधायची त्यानं आणि बॉम्बही टाकायचे त्यानंच. ताशी नऊशे किलोमीटर वेग धरलात, तर गिरगावहून दादर अर्ध्या मिनिटात मागे पडेल! विचार करायला वेळ तो किती मिळणार?

परुळकरांना युद्ध नवं नव्हतं. 1965 च्या लढाईत त्यांच्या विमानावर मारा झाला, उजव्या खांद्याला जखम झाली. उडी मारण्याचा सल्ला मिळाला, तरी त्यांनी विमान तळावर परत आणलं होतं.

पण 10 डिसेंबर 1971 रोजी नशिबानं साथ दिली नाही. जफरवालजवळ विमान पाडलं गेलं. परुळकर हवाई छत्रीनं खाली उतरले आणि पकडले गेले. रवानगी झाली रावळपिंडीच्या छावणीत. तिथे आपले आणखीही वैमानिक होते.

युद्ध संपलं, पण सुटकेचं नाव नाही. आपण कधी पकडलो गेलो, तर गप्प बसणार नाही, असं परुळकर मित्रांना आधीपासूनच सांगत. आता त्यांनी तेच मनावर घेतलं. कोठडीच्या भिंतीच्या विटा हळूहळू सैल केल्या जाऊ लागल्या. शिवणाच्या सुईला चुंबक बनवून होकायंत्र तयार झालं. कैद्यांना मिळणारे थोडे पैसे साठवले गेले. एक जुना नकाशाही मिळाला.

12 ऑगस्ट 1972 च्या रात्री वादळ सुटलं. परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीच्या भोकातून बाहेर पडले. भारताची सीमा जवळ होती, पण तिथे सैन्याचा कडक पहारा. म्हणून त्यांनी उलटी दिशा धरली, अफगाणिस्तानची! बसनं पेशावर गाठलं आणि सकाळी लंडी कोतल. आता सीमा फक्त चार मैलांवर. परळहून गिरगावला चालत जावं, एवढंच अंतर!

तिथे त्यांनी लंडी खान्याचा रस्ता विचारला, आणि घात झाला. लंडी खाना हे त्यांच्या नकाशावरचं शेवटचं स्टेशन. पण तिथली गाडी 1932 सालीच बंद झाली होती, बरं का! चाळीस वर्षांत ते नाव कुणी घेत नव्हतं. लोकांना संशय आला. पळून जाणारे बंगालीच असणार, असं वाटून तिघांना पकडण्यात आलं.

परुळकरांनी आपलं नाव ‘फिलिप पीटर’ सांगितलं आणि आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, असं ठासून म्हटलं. पण त्यावर कोण विश्वास ठेवणार? प्रसंग जिवावर बेतला होता. तेव्हा त्यांना उस्मान हमीद आठवले. रावळपिंडीच्या छावणीचे हे आधीचे प्रमुख कैद्यांशी माणुसकीनं वागत. परुळकरांनी त्यांना फोन लावायला लावला. हमीदना सारं कळलं. ही आमचीच माणसं आहेत, त्यांना सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. शत्रूच्या एका अधिकाऱ्याच्या शब्दानं तिघांचे प्राण वाचले!

मग पुन्हा तुरुंग, या वेळी लायलपूरचा. अखेर 1 डिसेंबर 1972 रोजी आपले कैदी वाघा सीमेवरून मायदेशी आले. परुळकरांनी पुढेही हवाई दलात नोकरी केली आणि ते ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचं निधन झालं.

पळण्याची मोहीम फसली ती चार मैलांसाठी. पण होकायंत्र बनवणारी ती सुई आणि हमीदांचा तो फोन, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तुम्हाला यातली कोणती जास्त अवघड वाटते? आईबाबांशी जरा बोलून बघा.