संरक्षण व्हिसा नाकारला : कोर्टात काय होतं, काय होत नाही

ऑस्ट्रेलियात आश्रय मागणाऱ्याला गृहविभागाने संरक्षण व्हिसा नाकारला आणि फेरतपासणी करणाऱ्या ट्रायब्युनलनेही तोच निर्णय कायम ठेवला, की उरतो तो कोर्टाचा रस्ता. धास्तावलेल्या माणसाला या टप्प्यावर ऐकीव सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातले काही फार महागात पडतात.

गैरसमज : कोर्ट सगळं प्रकरण नव्याने ऐकतं.
वस्तुस्थिती : तुमची हकीकत खरी की खोटी, हे कोर्ट ठरवत नाही. ट्रायब्युनलने निर्णय कायद्याच्या चौकटीत घेतला का, एवढंच ते पाहतं. त्यामुळे नवे पुरावे सहसा विचारात घेतले जात नाहीत.

गैरसमज : मग कोर्टात जाण्यात अर्थच नाही.
वस्तुस्थिती : अर्थ आहे. एका इराणी खलाशाचं प्रकरण पाहा. ख्रिस्ती धर्माकडे ओढा असल्याने मायदेशी छळ होईल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या हकीकतीतल्या काही गोष्टी ट्रायब्युनलने अविश्वसनीय ठरवल्या. पण तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याने त्यांवर शंका घेतली नव्हती आणि सुनावणीत ट्रायब्युनलनेही त्याला तसं सुचवलं नव्हतं. उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही, म्हणून 2006 मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट हेच सर्वोच्च न्यायालय.) हा खटला ‘एसझेडबीईएल’ या अक्षरांनी ओळखला जातो, कारण आश्रय मागणाऱ्याचं नाव प्रसिद्ध करायला कायद्यानेच कोर्टाला मनाई आहे.

गैरसमज : कोर्टात जिंकलं की व्हिसा मिळाला.
वस्तुस्थिती : कोर्ट व्हिसा देत नाही. निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा ट्रायब्युनलकडे पाठवतं. तिथे नव्याने विचार होतो आणि पुन्हा नकारही येऊ शकतो.

गैरसमज : सरकार कायदा करून कोर्टाचं दार बंद करू शकतं.
वस्तुस्थिती : तसा प्रयत्न झाला होता. 2003 मध्ये ‘एस157’ खटल्यात हायकोर्टाने स्पष्ट केलं, की अधिकारकक्षेबाहेर जाऊन घेतलेल्या निर्णयाला असा कायदा वाचवू शकत नाही. अशा निर्णयाची तपासणी करण्याचा, राज्यघटनेच्या कलम 75(5) ने हायकोर्टाला दिलेला अधिकार संसदेलाही काढून घेता येत नाही.

गैरसमज : निकाल हातात पडल्यापासून कोर्टात जाण्याची मुदत सुरू होते.
वस्तुस्थिती : ट्रायब्युनलच्या निर्णयावर जी तारीख असते, तिथपासून 35 दिवस मोजले जातात. पत्र उशिरा उघडलं तरी दिवस थांबत नाहीत. मुदतवाढ मागता येते, पण ती लेखी आणि कारणांसह. शिवाय ट्रायब्युनलकडे दाद मागण्याची सोय असताना ती टाळून थेट कोर्टात जाता येत नाही.

गैरसमज : अर्ज केला की देशात राहण्याची सोय आपोआप होते.
वस्तुस्थिती : कोर्टातला अर्ज म्हणजे व्हिसा नव्हे. ब्रिजिंग व्हिसाचं (निकाल लागेपर्यंत देशात राहण्यासाठीच्या तात्पुरत्या व्हिसाचं) काय, हे वेगळं तपासावं लागतं. आणि हरलात, तर सरकारचा खर्च भरण्याचा आदेश बहुधा तुमच्यावरच येतो.

गैरसमज : एजंट सगळं बघून घेईल.
वस्तुस्थिती : मायग्रेशन एजंट कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाही, ते काम वकिलाचं. दावा टिकण्याची वाजवी शक्यता आहे, असं प्रमाणित केल्याशिवाय वकिलालाही अर्ज दाखल करता येत नाही. म्हणूनच ‘कसलाही अर्ज ठोकून वेळ काढू’ असं सांगणाऱ्यापासून दूर राहा.

मेलबर्नची ‘रेफ्युजी लीगल’, सिडनीची ‘रेफ्युजी अ‍ॅडव्हाइस अँड केसवर्क सर्व्हिस’ अशा संस्था आश्रय मागणाऱ्यांना कायदेशीर मदत करतात. नकाराचं पत्र आलं, की त्याच दिवशी त्यावरची तारीख पाहा, निर्णयाची सगळी पानं जपून ठेवा आणि ती घेऊन वकील गाठा. ट्रायब्युनलने काय विचारलं आणि काय विचारलंच नाही, हे आठवतंय तोवर लिहून काढा. कोर्टात बहुतेकदा त्यावरच सगळं ठरतं.